प्रमाणपत्राचें प्रमाण

गेल्या दोन महिन्यांत ह्या सदराकडे जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं निदान पांचांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारलेला आहे. अ‍ॅजाइल पद्धतीनें प्रकल्प चालविण्याच्या विद्येचें एखादें प्रमाणपत्र घ्यावें असें सगळे म्हणतात. तर तें कोणतें घ्यावें? विचारणारांत एका नुकत्याच बी. ई. झालेल्या मुलाचे वडील आहेत, हिंजवडींतील कंपन्यांत वीस वर्षें घालविलेले एक गृहस्थ आहेत, आणि नाशिकच्या एक भगिनी आहेत. ह्या भगिनींच्या पत्रामुळेंच हा महिना मीं ह्या विषयास द्यावयाचें ठरविलें. बाकीच्यांचा प्रश्न हौसेचा किंवा बढतीचा आहे. ह्या बाईंचा घरांतल्या शिलकेचा आहे.

पत्राचा सारांश असा. त्या संगणकशास्त्राच्या पदवीधर असून एका कंपनींत चार वर्षें सॉफ्टवेअर तपासण्याचें, म्हणजे तयार झालेलें काम वापरून त्यांतील चुका हुडकून काढण्याचें, काम करीत होत्या. मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाई अंथरुणास खिळल्या, आणि नोकरी सुटली ती सात वर्षें सुटलीच. आतां सासूबाई गेल्या, मुलगी दुसरींत आहे, यजमानांची नोकरी कंत्राटी. परत काम धरावें म्हणून चौकशी केली तेव्हां एका क्लासनें त्यांस चार प्रमाणपत्रांचा मिळून एक गठ्ठा सुचविला. फी नव्वद हजार रुपये. शिवाय नोकरीची 'हमी'. मुलीच्या नांवें ठेवलेली मुदत ठेव मोडली तरच ही रक्कम उभी राहते. "यजमान म्हणतात, तुझ्या मनाला येईल तसें कर, आणि त्यामुळेंच मला अधिक भीति वाटते," असें त्यांनीं शेवटीं लिहिलें आहे.

हा विषय संस्कृताच्या शिक्षकानें हातीं घ्यावा ह्याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या घरांतील निम्मी तरुण मंडळी आज ह्याच धंद्यांत आहे. माझा पुतण्या त्यांतलाच. आणि माझ्या वर्गांत एके काळीं रूपावली घोकणारे कितीतरी विद्यार्थी आज पुण्यास, बंगळुरास आणि अमेरिकेंत हींच कामें करीत आहेत. त्यांना विचारून, आणि ज्या मूळ पुस्तिकेवर हा बराचसा डोलारा उभा आहे ती स्वतः वाचून, मी हें लिहीत आहें.

ज्या वाचकांचा ह्या धंद्याशीं संबंध नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम 'अ‍ॅजाइल' म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. शब्दाचा अर्थ चपळ. दिवाळीच्या वेळीं सगळें पीठ एकदम भिजवून, सगळ्या चकल्या पाडून ठेवून, मग कढई चढविणारी गृहिणी मला तरी माहीत नाहीं. ती पहिला घाणा तळते आणि एक चकली मोडून पाहते. तेलांत विरघळूं लागली तर मोहन जास्त झालें, दांताला कठीण लागली तर कमी पडलें, हें तिला त्या एका घाण्यानें कळतें. पुढचें पीठ ती त्या मानानें सुधारून घेते. सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा पूर्वींचा रिवाज उलट होता. गिऱ्हाइकाला काय हवें तें आधीं सगळें लिहून काढावयाचें, मग आराखडा, मग रचना, मग तपासणी. आणि दोन वर्षांनीं ताट पुढें आल्यावर गिऱ्हाइकानें म्हणावें कीं, मला हें नकोच होतें! ह्या पायऱ्यापायऱ्यांच्या पद्धतीस पुढें 'वॉटरफॉल', म्हणजे धबधबा, असें नांव पडलें. गंमत अशी कीं, विन्स्टन रॉइस ह्यांच्या १९७० सालच्या ज्या निबंधाकडे तिचें जनकत्व देतात, त्या निबंधांतच अशा पायऱ्या एका दमांत उतरणें धोक्याचें आहे असें बजाविलेलें आहे. टीकाकारांनीं मूळ ग्रंथकाराच्या तोंडीं भलतेंच मत घालावें हा प्रकार केवळ आपल्याच शास्त्रांत होतो असें नाहीं.

ह्या धबधब्याला कंटाळलेले सतरा जाणते कारागीर २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील यूटा संस्थानांत स्नोबर्ड येथें जमले आणि त्यांनीं चार मूल्यें व बारा तत्त्वें ह्यांचा एक लहानसा जाहीरनामा काढला. कागदांच्या भेंडोळ्यांपेक्षां चालतें काम महत्त्वाचें, आणि ठरल्या बेताला कवटाळून बसण्यापेक्षां बदल पत्करणें शहाणपणाचें, अशा धर्तीचा त्यांतील विचार आहे. त्यांत परीक्षा, फी किंवा प्रमाणपत्र ह्यांबद्दल एक अक्षरही नाहीं, ही गोष्ट पुढच्या सर्व विवेचनांत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

ह्या विचाराच्या ज्या निरनिराळ्या पद्धती आहेत त्यांत 'स्क्रम' ही सर्वांत प्रचलित. नांव रग्बी ह्या खेळांतलें. ताकेउची आणि नोनाका ह्या दोन जपानी पंडितांनीं १९८६ सालीं हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यूमधील लेखांत नवी वस्तु घडविणाऱ्या संघाला ह्या खेळाची उपमा दिली होती. केन श्वाबर आणि जेफ सदरलंड ह्यांनीं १९९५ सालीं ऑस्टिन येथील एका परिषदेंत ही पद्धति विद्वानांपुढें मांडली. काम महिन्याच्या किंवा त्याहून लहान मुदतीच्या तुकड्यांत करावयाचें. तुकड्याला 'स्प्रिंट' म्हणतात. रोज पंधरा मिनिटें संघानें एकत्र येऊन त्या दिवसाचा बेत करावयाचा. तुकडा संपला कीं झालेलें काम दाखवावयाचें, आणि काय साधलें, काय बिनसलें, तें आपसांत मोकळेपणानें बोलावयाचें. काय करावें हें ठरविणारा प्रॉडक्ट ओनर, प्रत्यक्ष करणारे डेव्हलपर, आणि पद्धति नीट पाळली जावी व वाटेंतील अडथळे दूर व्हावे हें पाहणारा स्क्रम मास्टर, अशी जबाबदारीची त्रिविध वांटणी आहे. हें सारें 'स्क्रम गाइड' नांवाच्या पुस्तिकेंत आहे. तिची पहिली आवृत्ति २०१० सालीं निघाली. सध्यांची नोव्हेंबर २०२० ची. पंधरा पानांच्या आंतबाहेर एवढाच तिचा विस्तार, आणि ती कोणालाही विनामूल्य मिळते. मीं ती वाचली तेव्हां मला आमच्या सूत्रग्रंथांची आठवण झाली. सूत्र थोडक्यांत आणि फुकट. पैसे पडतात ते भाष्यकारांचे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. प्रमाणपत्र ह्या शब्दांत 'प्रमाण' हा शब्द आहे, आणि तो न्यायशास्त्रांतला मोठा मानाचा शब्द आहे. खरें ज्ञान ज्या साधनानें होतें तें प्रमाण. नैयायिकांनीं अशीं चार मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नोकरी देणाऱ्याला अर्जदाराचें काम प्रत्यक्ष पाहावयास सांपडत नाहीं. म्हणून तो दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवतो. हा शब्द म्हणजेच सर्टिफिकेट. परंतु कोणाचाही शब्द प्रमाण होत नाहीं. तो आप्ताचा असावा लागतो. आप्त म्हणजे येथें नातलग नव्हे. ज्यानें ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्यापलीकडे ज्याचा हेतु नाहीं, तो आप्त. तेव्हां कोणतेंही प्रमाणपत्र पुढें आलें कीं त्याला तीन गोष्टी विचाराव्या: बोलणारा कोण? त्यानें उमेदवाराचें नेमकें काय पाहिलें आहे? आणि 'उत्तीर्ण' म्हणण्यांत त्याचा स्वतःचा लाभ किती? क्लासच्या माहितीपत्रकांत ह्या तिहींचीं उत्तरें सहसा नसतात. तीं आपणच काढावीं लागतात.

ह्या कसोटीवर 'सर्टिफाइड स्क्रम मास्टर', ज्याला सगळे सीएसएम म्हणतात, तें घासून पाहूं. हें स्क्रम अलायन्स ह्या संस्थेचें. ह्यासाठीं संस्थेनें मान्य केलेल्या शिक्षकाच्या वर्गास बसणें सक्तीचें आहे. वर्ग साधारण दोन दिवसांचा असतो आणि त्याची फी आपल्याकडे पांच आंकडी पडते. नंतर घरबसल्या परीक्षा: ५० प्रश्न, ६० मिनिटें, ३७ उत्तरें बरोबर आलीं कीं पास. नव्वद दिवसांच्या आंत दोनदां बसण्याची मुभा त्याच फींत असते. येथें बोलणाऱ्यानें उमेदवाराला दोन दिवस डोळ्यांनीं पाहिलेलें असतें, ही मोठी जमेची बाजू. चांगला शिक्षक लाभला तर त्या दोन दिवसांत पुस्तिकेच्या ओळींमधला अर्थ उलगडतो, आणि शेजारीं बसलेल्या सहाध्यायांच्या ओळखी होतात त्या वेगळ्याच. परंतु परीक्षा इतकी सोपी आहे कीं वर्गांत जागा राहिलेला मनुष्य सहसा नापास होत नाहीं. तात्पर्य, हें पत्र मुख्यत्वें हजेरीचें आहे. शिवाय त्याला आयुष्य दोनच वर्षांचें. दर दोन वर्षांनीं सुमारें १०० डॉलर भरून आणि मधल्या काळांत वीस एकक अभ्यास केल्याचें दाखवून तें जिवंत ठेवावें लागतें.

त्याचें प्रतिस्पर्धी 'प्रोफेशनल स्क्रम मास्टर', म्हणजे पीएसएम. केन श्वाबर हे स्क्रम अलायन्सच्या संस्थापकांपैकींच. परंतु २००९ सालीं ते तेथून बाहेर पडले आणि त्यांनीं स्क्रम डॉट ऑर्ग ही दुसरी संस्था काढली. वेद एक आणि शाखा दोन असा हा प्रकार! येथें वर्गाची सक्ति नाहीं. पहिल्या पायरीची परीक्षा ८० प्रश्नांची, वेळ ६० मिनिटांचाच, आणि पास होण्यास शेंकडा ८५ गुण, म्हणजे ६८ उत्तरें बरोबर यावीं लागतात. एका प्रश्नाला पाऊण मिनिट. फी एका प्रयत्नाची. हें लिहितांना ती सुमारें २०० डॉलर, म्हणजे सतरा-अठरा हजार रुपयांच्या घरांत आहे. नापास झाल्यास पुन्हां तेवढीच. परंतु एकदां मिळालेलें प्रमाणपत्र जन्मभराचें. त्याला नूतनीकरण नाहीं. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर पहिल्याची वर्गाची फी अधिक चार नूतनीकरणांचे ४०० डॉलर, आणि दुसऱ्याचे २०० डॉलर एकदांच.

पस्तीस वर्षें परीक्षा घेतलेल्या माझ्यासारख्याला विचाराल तर हें दुसरें पत्र पाठांतराचें आहे. बोलणाऱ्यानें उमेदवाराचा चेहरासुद्धां पाहिलेला नसतो. पर्यवेक्षक नाहीं, पुस्तक शेजारीं उघडें ठेवलें तरी कोण अडविणार! मात्र पाऊण मिनिटांत पान शोधून उत्तर देतां येत नाहीं, एवढा बंदोबस्त घड्याळानें केलेला आहे. आणि पाठांतराला मी कमी लेखीत नाहीं. ज्याला सूत्र तोंडपाठ नाहीं त्याला त्यावर वाद घालण्याचा अधिकार नाहीं, ही आमची जुनी शिस्त ह्या नव्या विद्येंतही मला योग्यच वाटते.

तिसरी तऱ्हा अनुभवाच्या पत्राची. प्रॉजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही अमेरिकन संस्था १९६९ पासून आहे आणि तिची पीएमपी ही परीक्षा १९८४ पासून. ही परीक्षा केवळ अ‍ॅजाइलची नव्हे. इमारत, रस्ते, कारखाने, सर्व तऱ्हेचे प्रकल्प चालविणारे तिला बसतात. परंतु २०२१ च्या जानेवारींत तिचा अभ्यासक्रम बदलला तेव्हां सुमारें निम्मे प्रश्न अ‍ॅजाइल व मिश्र पद्धतीचे केले गेले, ही लक्षांत घेण्यासारखी गोष्ट आहे. पदवीधरास प्रकल्प चालविल्याचा तीन वर्षांचा अनुभव आणि पस्तीस तासांचें शिक्षण दाखवावें लागतें, आणि कांहीं अर्जांची कसून छाननी होते; जुन्या वरिष्ठांच्या सह्या आणाव्या लागतात. ह्याच संस्थेची खास अ‍ॅजाइलसाठीं एसीपी नांवाची परीक्षा आहे: १२० प्रश्न, तीन तास, तीतही अ‍ॅजाइल कामाच्या अनुभवाची अट. दोन्ही पत्रें तीन तीन वर्षांनीं नवीं करावीं लागतात. येथें बोलणाऱ्याचा शब्द सर्वांत वजनदार, कारण त्यानें उमेदवाराच्या मागचीं वर्षें तपासलेलीं असतात. परंतु हा अनुभव अलीकडच्या ठराविक वर्षांतलाच धरला जातो. नाशिकच्या बाईंच्या क्लासनें गठ्ठ्यांत हें एसीपी घातलें आहे, आणि सात वर्षें घरीं असलेल्या बाईंना त्या परीक्षेला बसूं तरी देतील काय, ह्याचा उच्चारही केलेला नाहीं! अर्जांत खोटा अनुभव लिहिण्याची सूचना पुढें केव्हां तरी हळूच येणार असावी, अशी मला शंका आहे.

मोठमोठ्या कंपन्यांत शेंकडों माणसांचे संघ एका तालावर चालविण्यासाठीं 'सेफ' नांवाची जी पद्धति डीन लेफिंगवेल ह्यांनीं २०११ सालीं काढली, तिचीं प्रमाणपत्रें दरवर्षीं नवीं करावीं लागतात. हीं कंपनीनें सांगितल्यावर, कंपनीच्या खर्चानें घ्यावीं. स्वतःच्या खिशांतून घेऊं नयेत. ह्यापेक्षां अधिक त्यांविषयीं लिहिण्याची मला गरज वाटत नाहीं.

प्रमाणपत्राहून मोठी एक गोष्ट आहे, आणि ती क्लासवाले सांगणार नाहींत. अमेरिकेंतील कॅपिटल वन ह्या बँकेनें २०२३ च्या जानेवारींत अ‍ॅजाइलच्या नांवाखालीं असलेला कामगारांचा एक संबंध वर्ग रद्द केला आणि अकराशेंहून अधिक जागा गेल्या. पद्धति टाकून दिली असें नव्हे. ती आतां सर्वांच्या अंगवळणीं पडली, तेव्हां तिच्यासाठीं वेगळीं माणसें नकोत, असा विचार. तो बरोबर होता कीं चूक हें मी सांगूं शकत नाहीं. परंतु २०२० च्या पुस्तिकेकडे पाहिलें तर एक सूचक बदल दिसतो. पूर्वीं तेथें स्क्रम मास्टर वगैरेंस 'रोल', म्हणजे भूमिका, म्हटलें होतें. ह्या आवृत्तींत तो शब्द काढून 'अकाउंटेबिलिटी', म्हणजे उत्तरदायित्व, हा शब्द घातला आहे. उत्तरदायित्व म्हणजे कांहीं जन्मभराची गादी नव्हे. माझा पुतण्या ज्या संघांत आहे तेथें स्क्रम मास्टरचें काम एक बाई करतात, आणि त्याच अर्धा दिवस तपासणीचेंही काम पाहतात. म्हणून 'स्क्रम मास्टर होणार' एवढाच संकल्प धरूं नये. हाताशीं दुसरी एखादी विद्या असावी आणि हें तिच्यावरचें लेणें असावें.

ह्या दृष्टीनें बी. ई. झालेल्या चिरंजीवांच्या वडिलांस माझें सांगणें असें कीं, मुलाला सध्यां कोणतेंच प्रमाणपत्र घेऊं देऊं नका. ज्यानें एकही वस्तु घडविली नाहीं त्यानें घडविणाऱ्यांच्या अडचणी दूर करावयाच्या, हें ऐकून घेणारा संघ मिळणें कठीण. दोन वर्षें त्यानें प्रत्यक्ष काम करावें. पीएमपीला तर अनुभवावांचून बसतांच येत नाहीं. फारच निकड असेल तर त्याच संस्थेची नवशिक्यांसाठीं असलेली सीएपीएम ही परीक्षा आहे, तिला तेवीस तासांचें शिक्षण पुरतें. पुस्तिका मात्र त्यानें आजच वाचावी. तिला पैसे पडत नाहींत. वीस वर्षें नोकरींत असलेल्या गृहस्थांनीं पीएमपी करावी. त्यांचा अनुभव हीच त्यांची ठेव आहे आणि तो तपासून त्यावर शिक्का मारणारी दुसरी एवढी मान्य परीक्षा मला दिसत नाहीं. दोन दिवसांच्या वर्गाचें पत्र त्यांच्या वयाला आणि पदाला शोभणार नाहीं.

आतां नाशिकच्या ताईंस.

ताई, मुदत ठेव मोडूं नका. चार प्रमाणपत्रें एका मनुष्याजवळ असलीं तर मालक त्याला चौपट जाणता समजत नाहीं. उलट ह्यानें कामापेक्षां परीक्षाच फार दिल्या असें त्याला वाटतें. नोकरीची 'हमी' म्हणजे काय हें क्लासला लेखी विचारा: कोणती नोकरी, किती वेतनाची, किती महिन्यांत, आणि न मिळाल्यास फी परत केव्हां? उत्तर कागदावर आलें नाहीं तर तें आलेंच आहे असें समजा. आणि "परीक्षेची काळजी आमच्यावर सोडा" असें कोणी टेलिफोनवर म्हणालें, तर त्याचा अर्थ तुमच्या नांवानें दुसरा कोणी परीक्षा देणार असा असतो. असल्या पत्रावर मिळविलेली जागा पहिल्याच मुलाखतींत जाते. तेथें कोणी व्याख्या विचारीत नाहीं; संघांतील दोघांचें पटत नाहीं, गिऱ्हाईक मध्येंच नवी मागणी करतो, रोजच्या पंधरा मिनिटांचीं चाळीस होतात, तर तुम्ही काय कराल, असें विचारतात.

तुमची खरी पुंजी ती चार वर्षांची तपासणी आहे. ती गंजली आहे हें खरें, पण ती तुमची आहे. तिला आधीं उजाळा द्या. ह्या सात वर्षांत तपासणीचें पुष्कळसें काम यंत्राकरवीं होऊं लागलें आहे. तें शिकण्याचीं साधनें विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि माझे जुने विद्यार्थी सांगतात कीं रोज दोन तास दिले तर पांच-सहा महिन्यांत हात बसतो. त्याच्या जोडीला पीएसएमची पहिली पायरी, एवढें एकच प्रमाणपत्र घ्या. तेंही लगेच नव्हे. प्रथम ज्या प्रकारची नोकरी तुम्हांस हवी त्या प्रकारच्या वीस जाहिराती नाशिक, पुणें आणि घरून करण्याच्या कामांच्या मिळून टिपून काढा, आणि कोणतीं प्रमाणपत्रें किती जाहिरातींत मागितलीं आहेत ह्याच्या रेघा मारा. पुष्कळ ठिकाणीं सीएसएम किंवा पीएसएम ह्यांतील कोणतेंही चालतें असें दिसेल. बहुतेक जाहिरातींनीं सीएसएमच मागितलें तर माझा सल्ला बाजूस ठेवा आणि तें घ्या. मात्र गठ्ठ्यांतून नव्हे, एकटें, मान्य शिक्षकाकडे, आणि शिक्षकानें स्वतः कोणत्या संघांत काम केलें आहे हें विचारून.

अभ्यास असा करावा. पुस्तिका तीनदां वाचा. पहिल्यांदा अर्थासाठीं, दुसऱ्यांदा प्रत्येक 'असावें' आणि 'असलेंच पाहिजे' ह्यांतील भेद टिपण्यासाठीं, कारण परीक्षक नेमका तेथेंच पेंच घालतो, आणि तिसऱ्यांदा पुस्तक मिटून आठवण्यासाठीं. स्क्रम डॉट ऑर्गच्या संकेतस्थळावर तीस प्रश्नांची 'स्क्रम ओपन' नांवाची सरावपरीक्षा आहे. ती कितीही वेळां देतां येते आणि तिला पैसे पडत नाहींत. लागोपाठ पांच वेळां पैकींच्या पैकीं गुण पडेपर्यंत खऱ्या परीक्षेची फी भरूं नका. मुलगी शाळेंत गेल्यावरची सकाळची वेळ निवडा, आणि त्या तासांत दाराची घंटा वाजली तरी उठूं नका. ऐंशी प्रश्नांत नडणारे प्रश्न खूण करून मागें ठेवतां येतात. एका प्रश्नापाशीं तीन मिनिटें अडून बसणारे विद्यार्थी मीं आयुष्यभर पाहिले आहेत, आणि त्यांचें नुकसान न आल्यामुळें होत नाहीं, वेळ संपल्यामुळें होतें.

कांहीं मोठ्या कंपन्या मधल्या खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठीं वेगळ्या योजना चालवितात; तेथें अर्ज आधीं करा. तुमच्या जुन्या कंपनींतील ज्या दोघीतिघींशीं ओळख टिकून आहे त्यांना संकोच सोडून पत्र लिहा. तुमचें काम त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलेलें आहे, तेव्हां आप्तवाक्य म्हणून त्यांच्या एका ओळीला कोणत्याही संस्थेच्या शिक्क्याहून अधिक किंमत येईल.

तुम्हीं ताजा कलम म्हणून विचारलें आहे कीं, अर्जांत त्या सात वर्षांचें काय लिहावें. क्लासनें तीं 'स्वतंत्र सल्लागार' असें लिहून भरून काढण्यास सुचविलें आहे. तसें मुळींच करूं नका. सालें घाला आणि त्यांपुढें सरळ लिहा: अपत्यसंगोपन आणि घरांतील दीर्घ आजाऱ्याची शुश्रूषा. त्यापुढें स्पष्टीकरण नको, क्षमायाचना तर नकोच. जाहिरातींच्या रेघा मारून झाल्या म्हणजे तो कागद मजकडे पाठवा. बाकीच्या चार पत्रलेखकांनाही तो दाखवावा असें मनांत आहे.